घरंदाज घरातली ताराबाई

घरंदाज हा शब्द आमच्याकडं अजून चलनात आहे. सोयरीक बघायला गेलेली माणसं परत आली, की म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "घर कसं हाय? घरंदाज हाय का?" जमीन किती, पोरगा काय करतो, हे त्याच्या मागून. आता ह्या शब्दाचा अर्थ कुणी उलगडून सांगत नाही. माझ्या लहानपणी मात्र धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात तो पोरासोरांनाही पाठ होता. घरंदाज म्हणजे ज्यांच्या बाया पाणवठ्यावर दिसत नाहीत. घरंदाज म्हणजे ज्यांच्या बाया तुळजापूरला आईच्या दर्शनाला निघाल्या, की गाडीला चहूबाजूंनी पडदा लागतो. आणि घरंदाज म्हणजे ज्यांच्यात पाट लागत नाही.

हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाट म्हणजे नवरा मेलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं दुसरं लग्न. कोणी त्याला म्होतूर म्हणतं. वाजंत्री नाही, वरात नाही, चार माणसं जमवून रात्रीच्या वेळी उरकायचं, पण जातीला ते मान्य असायचं. कुणब्यात, धनगरात, माळ्यात, कितीतरी जातींत ही रीत जुनी. मग एखाद्या घरात पाटिलकी येते, देशमुखी येते, दोन पिढ्या वतनाचं खातात, आणि एक दिवस कर्ता पुरुष ढाळजेत बसून मिशीवर हात फिरवत म्हणतो, "आमच्यात पाट लागत न्हाई." एवढ्या एका वाक्यानं घराची पायरी चढते. त्या पायरीचा दगड कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या वाड्यात ती माझ्या वडिलांची आत्या होती. लग्नानंतर न्हाण येण्याआधीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आलेली. मी पाहिली तेव्हा ती पार वाकलेली म्हातारी होती. बळदाच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कुठल्या गड्याला किती पायली ज्वारी गेली हे तिला तोंडपाठ, आणि आजोबासुद्धा तिला विचारल्याशिवाय बैलजोडी बदलत नसत. घरातल्या बाया तिला टरकून असायच्या. पण हळद दळायला जात्याला सुपारी बांधायची वेळ आली, की ही एवढी कर्ती बाई आपणहून उठून मागच्या पडवीत जाऊन बसायची. तिला कोणी जा म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

ह्या घरंदाजपणाची आतून, घरात बसूनच झडती घेणारी एक बाई एकोणिसाव्या शतकात होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पाठ्यपुस्तकात एखादी ओळही असते. मला त्यांच्याविषयी जी ओढ वाटते ती मात्र त्यांच्या घरामुळं. आणि बुलढाणा आमच्यापासून दूर असलं, तरी त्या घराचा आणि आमच्या मुलखाचा धागा एका तहानं एकत्र बांधलेला आहे.

निजामाकडं इंग्रजांचं कर्ज थकलं होतं. त्याच्याच नावानं इंग्रज जी फौज पोसत होते, त्या फौजेचा खर्च. १८५३ साली तह झाला आणि त्या खर्चापोटी निजामानं आपल्या राज्यातला सुपीक मुलूख इंग्रजांकडं लावून दिला. त्यात वऱ्हाड होतं, रायचूर दुआब होता, आणि आमचा नळदुर्ग-धाराशिवचा भागही होता. म्हणजे बुलढाणा आणि नळदुर्ग एकाच कागदावर, एकाच सहीनं इंग्रजी अंमलात गेले. नळदुर्गला अंमलदार म्हणून आला कर्नल फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ह्या कादंबरीमुळं विलायतेत गाजलेला माणूस, पण जन्म गेला निजामाच्या चाकरीत. त्याची बायको मेरी ही हैदराबादचा मोठा सावकार विल्यम पामर याची मुलगी. नळदुर्गला यायच्या कितीतरी आधी ती वारली होती.

टेलर आमच्या मुलखात तीन-चार वर्षं होता. बोरी नदी, किल्ल्यातला पाणीमहाल, तुळजापूरचा घाट, भवानीचं देऊळ, आराधी, पुजारी, सगळं त्यानं डोळ्यांत साठवून घेतलं. पुढं १८६३ साली त्याची कादंबरी निघाली, तिचं नाव 'तारा'. काळ शिवाजीमहाराज आणि अफझलखानाचा. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची मुलगी, शिकलेली, देखणी, आणि बालविधवा. ती देवीला वाहिली जाते, तिला पळवलं जातं, नाना संकटांतून ती जाते, आणि शेवटी तिला हात देतो कोण, तर अफझलखानाचा मुलगा. कादंबरी वाचनीय आहे, तुळजापूरची वर्णनं तर आपल्याकडच्या माणसानं वाचावीतच. पण साहेबाच्या ह्या तारेला प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी वाचवावं लागतं. आपल्या वैधव्याबद्दल ती रडते, देवीला शरण जाते. भांडत मात्र नाही.

गंमत पुढंच आहे. १८५७ साली उत्तरेत बंडाचा वणवा पेटला आणि टेलरला नळदुर्गहून तातडीनं उत्तर वऱ्हाडात, बुलढाण्याला पाठवलं. गोरी पलटण हाताशी नसताना त्यानं तो जिल्हा शांत ठेवला, म्हणून सरकारदरबारी त्याचं कौतुक झालं. त्या वेळी खरी ताराबाई सात वर्षांची होती. मेडोज टेलरनं आमच्याकडची तारा कागदावर जन्माला घातली त्याच्या आधीच, त्याच्या अंमलाखालच्या बुलढाणा मुलखात, एक जिवंत तारा अक्षरं गिरवायच्या वयाला आली होती. त्याला तिचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

ताराबाईंचा जन्म १८५० चा. वडील बापूजी हरी शिंदे, मराठा. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. आज हेडक्लार्क म्हटलं तर कोणी वळून बघायचं नाही, पण त्या काळी छोट्या जिल्ह्याच्या गावात हा माणूस म्हणजे बडं प्रस्थ. साहेबाला मराठी अर्धीमुर्धी, लोकांना इंग्रजीचा गंध नाही, मधला दरवाजा हाच. शिवाय बापूजी नुसते कारकुनी करणारे नव्हते. १८७१ साली त्यांनी 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज' नावाचं पुस्तक काढलं होतं, आणि पुण्याच्या जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींशी त्यांचा संबंध होता. असा बाप. चार मुलगे, एकच मुलगी. बुलढाण्यात तेव्हा मुलींची शाळा नव्हती. बापानं मुलीला घरीच शिकवलं. मराठी तर शिकवलंच, संस्कृत आणि इंग्रजीही शिकवलं. मराठा घरातल्या मुलीला संस्कृत, हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. पुढं ह्याच संस्कृतावर तिनं हत्याराला धार लावावी तशी धार लावली.

मुलीचं लग्न मात्र रिवाजाप्रमाणं लहानपणीच झालं. पण बापानं एक वेगळी गोष्ट केली. जावई घरी आणला.

घरजावई ह्या माणसाची आपल्याकडं काय किंमत असते, हे खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. सासऱ्याच्या ताटात जेवणारा, अशी त्याची टवाळी. पारावर त्याचा शब्द मोजला जात नाही, भावकीत त्याला बसायला जागा मागं. मुलगे नसलेला शेतकरी वारस हवा म्हणून घरजावई आणतो, हे समजतं. पण ज्याला चार मुलगे आहेत, त्यानं घरजावई आणावा? ह्याचं उत्तर मला एकच दिसतं. बापूजींना मुलगी परक्या घरात पाठवायची नव्हती. सासरी गेलेल्या मुलीला पुस्तक हातात धरायला मिळत नाही, हे कचेरीतल्या त्या शहाण्या माणसाला कळत होतं. ताराबाईंना मूलबाळ झालं नाही. ज्या बाईला मूल नाही तिला सासर काय काय ऐकवतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. सासरच नसल्यामुळं ते ऐकवायला कोणी नव्हतं. मराठी गद्यातला हा एवढा जहाल ग्रंथ एका घरजावयाच्या कृपेनं झाला असं मी म्हणतो तेव्हा माझे काही मित्र हसतात. पण सासू, नणंदा, जावा, चूल आणि दिवसाकाठी चार घागरी पाणी, हे सगळं वजा करा आणि मग बघा एखाद्या बाईच्या हाताला किती वेळ उरतो.

तरी ह्यामुळं ताराबाई मोकळ्या होत्या असं समजू नये. घर मराठ्याचं, घरंदाज. गोषा होताच. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्या आपण मराठा रिवाजाच्या बंदिखान्यात असलेली बाई आहोत, हे आपलं पहिलंच लिहिणं आहे, असं सांगतात. हा लेखिकेचा उगीच दाखवायचा विनय नाही. बुलढाणा म्हणजे घाटावरचं, थंड हवेचं, साहेबाला मानवलं म्हणून वाढलेलं छोटं गाव. कचेरी, कोर्ट, थोडे वकील, थोडे कारकून. अशा गावात अमक्याची मुलगी एवढीच बाईची ओळख असते. तेवढ्या परिघात राहून ह्या बाईनं पुण्यामुंबईची वर्तमानपत्रं वाचली, नव्या कादंबऱ्या वाचल्या, नाटकं वाचली, आणि सगळ्यांचा हिशेब मनात ठेवला.

इथं थोडं आमच्याकडं वळतो. एकाच तहातले दोन मुलूख. मग असली बाई बुलढाण्यात का लिहिती झाली आणि नळदुर्ग-धाराशिवच्या एखाद्या वाड्यात का नाही? आमच्या बाया मुक्या होत्या म्हणून नव्हे, जात्यावर बसल्यावर त्यांच्या तोंडाला कोणी लागावं! कारण साधं आहे. १८६० साली नवा तह झाला. बंडाच्या वेळी निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून धाराशिव आणि रायचूर त्याला परत मिळाले. वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतलं. तिथून दोन वाटा फुटल्या. वऱ्हाडात कचेरीचं काम मराठीत चालू राहिलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, पाठोपाठ आगगाडी आली, टपाल आलं, पुण्याचं छापलेलं पान घाटावरच्या गावात पोचायला लागलं. आमच्याकडं सरकारी कागद फारसीत. १८८४ साली फारसी गेली आणि तिच्या जागी आली उर्दू. मराठी ही घरातली आणि देवळातली भाषा, दरबारात तिला उभं राहायला जागा नाही. आमच्या शेजारच्या बार्शीला छोटी गाडी लागली ती १८९७ साली, म्हणजे ताराबाईंचं पुस्तक निघून पंधरा वर्षं झाल्यावर. नळदुर्गच्या कारकुनानं आपल्या मुलीला शिकवायचं म्हटलं असतं, तरी पहिल्यांदा स्वतःच्या नोकरीसाठी फारसी घोकायची, आणि मग मुलीसाठी मराठी पुस्तक सोलापूरहून बैलगाडीनं मागवायचं. एवढा खटाटोप कोण करतो?

आता त्या पुस्तकाला कारण काय झालं ते सांगायला हवं.

१८८१ साली सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. तिला दिवस गेले होते, मूल झालं, आणि बदनामीच्या भयानं तिनं ते मारलं. सेशन कोर्टानं फाशी सांगितली. मुंबईच्या हायकोर्टात फाशी जाऊन जन्मठेप काळं पाणी झालं. वर्तमानपत्रांत एकच गदारोळ उठला. कोणी म्हणाले विधवांना लग्नाची मोकळीक हवी. कायदा १८५६ सालीच झाला होता, पण समाज त्याला विचारत नव्हता. अशा अडलेल्या बायांसाठी फुले पतिपत्नींनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, तेही होतंच. पण बाकीच्या लिहिणाऱ्यांनी सगळं खापर बायांवर फोडलं. बायका हल्ली बिघडल्या, शिकल्यानं शेफारल्या, त्यांच्यात मुळातच पाप फार. 'पुणे वैभव' पत्रात असाच मजकूर आला. तो बुलढाण्याला पोचला आणि ताराबाईंनी लेखणी उचलली.

विजयालक्ष्मी ब्राह्मण, ताराबाई मराठा. सुरतेचं प्रकरण, बुलढाण्याचं घर. जातीनं, गावानं काही संबंध नाही. मग हिला एवढं लागलं का? माझ्या मते उत्तर त्या पाटाच्या रिवाजात आहे. विधवेनं दुसरं लग्न करायचं नाही हा नेम एकाच जातीत राहिला नव्हता. जी जी घरं स्वतःला वरची म्हणवू लागली त्यांनी तो उचलला. ताराबाईंनी तो आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांत पाहिलेला असणार. म्हणून त्या सुरतेच्या बाईची बाजू घेताना परक्या बाईची बाजू घेतल्यासारखं लिहीत नाहीत.

पुस्तक तसं छोटं, ५२ पानांचं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली छापलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. स्त्री आणि पुरुष यांच्यात साहसी कोण ते स्पष्ट करून दाखवते, अशी लांबलचक प्रतिज्ञा नावातच आहे. साहस शब्दाचा तेव्हाचा अर्थ मात्र ध्यानात घ्यावा. आज आपण शाबासकीसाठी तो वापरतो; तिथं त्याचा अर्थ अविचारानं केलेलं दुष्कृत्य असा आहे. म्हणजे प्रश्न असा, की पापाला धजावणारं जास्त कोण?

संस्कृतात बायकांच्या दुर्गुणांची एक जुनी यादी चालत आली आहे: बाई म्हणजे संशयाचा भोवरा, उद्धटपणाचं घर, कपटाची खाण वगैरे. शास्त्री-पंडित ती तोंडावर फेकत. ताराबाई ती यादी हातात घेतात आणि एकेक दुर्गुण उचलून पुरुषाच्या पदरात घालतात. संशय? घरात बायकोला कोंडून बाहेर दहा जणींकडं बघणाऱ्याला संशय येतो. कपट? कचेरीत लाच खाणारा कोण, खोटी साक्ष देणारा कोण, गोसाव्याचं सोंग घेऊन लुटणारा कोण? एका मागून एक अशा सरबत्त्या. बापाच्या कचेरीतल्या कितीतरी गोष्टी माजघरापर्यंत पोचत असणार हे वाचताना जाणवतं.

सावित्रीची गोष्ट त्यांनी घेतली आहे, ती तर मला फार आवडते. बाई नवऱ्यासाठी यमाच्या दारात गेली. बायकोसाठी यमाच्या वाटेवर दोन पावलं चाललेला एखादा नवरा तुम्ही ऐकलाय का, असं त्या विचारतात. उलट एक मेली की दहाव्या-बाराव्या दिवशी दुसरी आणायची बोलणी. नवरा मेला म्हणून बाईनं तोंड लपवायचं, तर बायको मेलेल्या पुरुषानं दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये? आणि ज्या देवांनी हे नियम केले म्हणता, त्या देवांनी स्वतः काय दिवे लावले? इथं त्या पुराणातल्या थोरामोठ्यांनाही सोडत नाहीत. त्या काळच्या गाजलेल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' ह्या कादंबऱ्या आणि 'मनोरमा' नाटक, त्यांचाही समाचार आहे. पुरुषांनी मनानं रचलेल्या बाया ह्या, खऱ्या नव्हेत, असा त्यांचा रोख. टेलरच्या 'तारा'वर त्यांनी काय लिहिलं असतं, ह्याची मी कधी कधी कल्पना करतो.

भाषा सोज्वळ नाही. वाक्यं लांब, दम न घेता धावणारी, मध्येच म्हण, मध्येच शिवी वाटावी असा शब्द, समोर माणूस बसलाय असं धरून त्याला थेट विचारणं. भांडताना आपल्याकडच्या बाया पदर खोचून उभ्या राहतात, तसं हे गद्य उभं आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्री धर्म नीति' लिहिली. ते पुस्तक बायकांना शहाणं करायला बसलं आहे. ताराबाई बायकांना काही शिकवत बसत नाहीत, त्यांचं तोंड सबंध वेळ पुरुषांकडं आहे.

आणि तरीही त्या लग्नसंस्थेवर उठलेल्या बाई नव्हत्या, हे प्रामाणिकपणं सांगितलं पाहिजे. पतिव्रताधर्म त्यांना हवा आहे, चांगल्या वागणुकीचा संसार हवा आहे. देशी धंदे बुडाले, साहेबी कपड्यालत्त्याचं वेड लागलं, ह्याबद्दल त्या सुशिक्षितांना झोडपतात. पुढारलेल्या म्हणून आज त्यांचा जयजयकार करणाऱ्यांना त्यातली काही पानं अडचणीची वाटतील. पण मला त्यामुळंच त्या खऱ्या वाटतात. घरंदाज घराची मुलगी, त्या घराच्या चांगुलपणावर विश्वास असलेली. तिचं म्हणणं एवढंच, की जे नियम केलेत ते दोघांना सारखे लावा, नाहीतर नियम म्हणू नका.

पुस्तकाची टर उडवली गेली. शहाण्या पुरुषांनी नाकं मुरडली. तेव्हा फुले पुढं आले. १८८५ साली त्यांनी 'सत्सार' नावाची छोटी पुस्तकं काढली, त्यातल्या दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या बाजूनं उभे राहून त्यांनी टीकाकारांना फटकारलं, आणि तिचा उल्लेख केला तो लेकीचा करावा तसा. बस. ताराबाईंच्या नावावर दुसरं पुस्तक नाही. पुढं रखमाबाईचा खटला झाला, १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, महाराष्ट्रात बाईच्या प्रश्नावर केवढा धुरळा उडाला, पण बुलढाण्याचा आवाज त्यात पुन्हा ऐकू आला नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. ५०० प्रतींचं जे व्हायचं ते झालं. वाळवी, ओल, रद्दी. जवळजवळ नव्वद वर्षांनी स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुस्तक पुन्हा छापून आणलं, तेव्हा ही बाई मराठी माणसाला नव्यानं कळली. १९९४ साली रोझलिंड ओ'हॅनलन यांनी त्याचं इंग्रजी केलं. आता ते केंब्रिजपासून दिल्लीपर्यंत शिकवतात.

आमच्या आत्याआजीचं मागं काही नाही. किल्ल्यांचा जुडगा होता, तो वाटण्यांत कुणाकडं तरी गेला. माळवद पडल्यावर बळदही बुजलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण हिशेब ती कोळशानं भिंतीवर रेघोट्या ओढून ठेवायची, पाचापाचाचे जुडगे करून. भिंत दर दिवाळीला सारवली जायची.

दोन वर्षांमागं आमच्या गावच्या बचत गटाच्या बायांना मी हे पुस्तक थोडं थोडं वाचून दाखवलं. जुनी भाषा, वाटलं होतं जांभया देतील. यमाच्या वाटेचं वाचलं तेव्हा एकदम हसू फुटलं. दाढीमिशांचं वाचलं तेव्हा मागच्या रांगेतली एक जण म्हणाली, "मालक, पुन्यांदा वाचा की तेवढं." मग चर्चा सुरू झाली, आणि ती माझ्या हातात राहिली नाही. कुणाच्या दिराचं, कुणाच्या सासऱ्याचं, आठवडी बाजाराचं, बरंच काही निघालं. एका म्हातारीनं मध्येच विचारलं, "हिचा नवरा व्हता न्हवं? मग त्याचं नाव काय?"

मी सांगितलं, शिंदे हे तिच्या बापाचं आडनाव. पुस्तकावर तेच छापलंय, माहेरचं.

"आगं बया," म्हातारी शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणाली, "घरजावायचं नाव काडलंच न्हाई का कुणी?" आणि मग त्या दोघी पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होत्या.